मधला खांब

१२ जानेवारी
देवळात साड्यांची पावणी होती. वर्षभर देवीच्या ओटीत आलेल्या साड्या बोली लावून देतात. बायका एखादी घेतात, प्रसाद म्हणून सणावाराला नेसतात. मी एकवीस घेतल्या. तात्या गुरव बोली पुकारता पुकारता थांबले.
"गो शुभा, देवीच्या साड्यांचा दुकान घालतलंस काय?"
कामाला हव्यात म्हटलं. कसल्या, ते सांगितलं नाही. घरी आईला सांगितलं, ड्रेसला. खोटं नाही. गाडीचा ड्रेसच तो.
नऊ हिरव्या, बाकी लाल नि पिवळ्या. एक जांभळी अशी आहे की हात काढवत नाही. असे काठ आता बाजारात बघायला मिळत नाहीत.

१५ जाने.
कसालला बाबल मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये. (पुढे बा.मे. लिहीन. पत्र्याचं काम करणारा त्यांच्यासारखा जिल्ह्यात नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि ते खरं आहे.) गावातल्या डॉक्टरांकडून विकत घेतलेली जुनी पांढरी गाडी तिथे आणून टाकली आहे. चाळीस वर्षांची, पण हाडापेराने चांगली. मी कागद पसरला. डाव्या बाजूची दोन्ही दारं काढायची, दोन्हींचं मिळून एकच रुंद दार करायचं. मग दोन दारांमधला खांब राहतोच कशाला? तोही काढायचा.
बा.मे.नी कागदावरच्या खांबावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्यो खांब काढलंस तर गाडी कमरेत वाकतली."
मी म्हटलं, खालून जाड पट्टी द्या, वरून द्या. कंबरपट्टा देतो ना आम्ही, तसा.
"बाय, तू कपडो कापतंस. कपड्याक तुमी माया ठेवतास. शिवणीत दोन बोटा जास्त. चुकला तर उसवून सोडूक येता. पत्र्याक माया नसता."
ऐकायला छान वाटलं. दुकानात पाटी करून लावावी इतकं छान. खांब काढायचाच म्हणून सांगून आले.

१६ जाने.
काल लिहायचं राहिलं ते. हे सगळं कशाला, याचं उत्तर धाकट्या बहिणीचा, चारूचा, डावा गुडघा. तो वाकत नाही. बारा वर्षांची होती, मी मुंबईहून सुट्टीला आले होते, ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती, मी चालवत होते. देवबागच्या वाळूत गाडी घसरली. मला खरचटलं, तिला गुडघा. पंधरा वर्षं झाली.
गाडीत बसताना ती आधी पाठमोरी होते, मग ढुंगण टेकते, मग कोणीतरी तिचा पाय उचलून आत ठेवतं. उतरतानाही तसंच, उलटं. लोक बघतात, आणि बघत नाही असं दाखवतात, ते अधिक वाईट. आता मेमध्ये तिचं लग्न. मुलगा महेश, आजऱ्याचा, शाळेत शिक्षक. वरात घाट चढून त्यांच्या दारात जाणार. तिथे अख्ख्या गल्लीसमोर माझी बहीण पोत्यासारखी बाहेर काढली जाणार नाही. सरळ उभी राहून उतरेल. बस्स.

२८ जाने.
खांब कापला. मी समोर उभी होते. ठिणग्या उडत होत्या. कटर थांबल्यावर छपरातून एक आवाज आला, कोणी सुस्कारा टाकावा तसा. बा.मे.नी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे.

९ फेब्रु.
साड्या लागल्या. सीटना हिरव्या, त्यांच्या बरोबर मधोमध जांभळी, छताला पिवळ्यांचे पदर. बाहेरून रंग आमसुली. पंधरा वर्षं मुंबईत दुसऱ्यांच्या नावाने कपडे काढले, सात वर्षं मालवणात स्वतःच्या नावाने. असं एकही काम झालं नव्हतं.
चारूला घेऊन गेले. दार उघडलं. ती घागरा धरून समोरून आत गेली, सरळ पाऊल टाकून, आणि बसली. पाय लांब सोडायला जागा ठेवली आहे.  मग म्हणाली, "ताई, दार लाव." लावलं. काचेतून बघितलं तर ती रडत होती. मीही.
बा.मे. तंबाखू मळत उभे. ते तेवढे रडले नाहीत.

१९ फेब्रु.
दाराची फट सगळीकडे सारखी होती. आज वरच्या कोपऱ्यात बारीक वाटली. टेप लावली. अर्धं सूत कमी. खाली अर्धं सूत जास्त. इंचाचा सोळावा भाग. कपड्यात असला फरक मी बघतसुद्धा नाही.
उन्हाने असेल.

२७ फेब्रु.
तारकर्लीच्या एका हॉटेलवाल्यांनी गाडी बघितली. त्यांच्याकडे समुद्रावर लग्नं होतात. नवरीच्या एंट्रीला हीच हवी म्हणाले. मुंबईहून एक बाई फोटो काढून गेली. लेखाचं नावही सांगून गेली, 'साडी नेसलेली गाडी'. बाजारात पूर्वी मला 'ती टेलरीण' म्हणणारे आज "मॅडम" म्हणाले. आवडलं. कोणाला नाही आवडणार!

६ मार्च
वर पूर्ण एक सूत गेलं. आणि दुसरं, छपराच्या कडेला रंगात केसासारखी एक रेघ. नखाने खरवडली. रंगाची नाही, आतून आलेली.
पितळेची नक्षीची पट्टी आणून तिच्यावर चिकटवली. दोन्ही बाजूंना, म्हणजे मुद्दाम केल्यासारखी दिसेल. आयुष्यभर हेच केलं. पोट सुटलंय तिथे निऱ्या, खांदा उतरलाय तिथे झालर. झाकली मूठ सव्वा लाखाची.
संध्याकाळी चारू पट्टी बघून खूश. "ह्या आधी कित्या नाय सुचला तुका?"

१७ मार्च
हॉटेलवाल्यांकडे फोटोंचं काम. गाडीत एक मॉडेल नवरी, दोन करवल्या, पुढे ड्रायव्हर आणि फोटोवाला. पाच माणसं. गाडी वाळूच्या उतारावर थांबली आणि दार उघडेना. आतून नाही, बाहेरून नाही. नवरी काच खाली करून ओरडायला लागली. दहा मिनिटं. मग करवल्या उजवीकडून उतरल्या, ड्रायव्हर आणि फोटोवालाही त्याच बाजूने उतरले आणि दार आपोआप उघडलं. कोणी हात लावला नव्हता.
सगळ्यांच्या अंगावर काटा. माझ्याही, पण वेगळ्या कारणाने. वजन उतरलं, छप्पर वर गेलं, दार सुटलं. मला कळलं. दुसऱ्या कोणाला नाही.

२० मार्च
गाडीचं कापड कुठलं ते गावाला कळलं. पावणीत माझ्याशेजारी उभ्या असलेल्या शेवंताकाकूंनी फोटोत जांभळी साडी ओळखली. ती त्यांनीच देवीला दिलेली, नवसाची. सकाळी दुकानात येऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक समोर असताना.
"गो, देवीचा लुगडा नेसाचा असता. तेच्यार ढुंगाण टेकून बसाचा नसता! आणि वर विचारतंस, दार कित्या उघडणा नाय?"
मी विचारलंच नव्हतं.  एकवीस साड्या घेताना हे माझ्या डोक्यात आलं नाही हे खरं आहे. मालवणात जन्मून. मुंबईने डोकं धुतलं असं आई म्हणते, तसंच असेल.
पण दार त्यामुळे अडकलं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि फांदी मी तोडली.

२२ मार्च, रविवार
सीटवरच्या साड्या काढल्या. धुऊन, घडी घालून देवळात परत. छताच्या ठेवल्या, डोक्यावर असल्या तर चालतात म्हणाले तात्या. देवीला कौल लावला. उजवा झाला, म्हणजे देवी राजी. मग गाडीसमोर नारळ ठेवून तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. पंचवीस-तीस माणसं.
"बा देवी म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान नकळत जी काय चूक केल्यान, ती पोटात घाल. मे म्हयन्यात ह्या गाडयेतून तुझा चेडू सासऱ्याक जातला, तेची घाटमाथ्यापर्यंत राखण कर गे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
सर्वांत मोठा आवाज बा.मे.चा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. सगळे प्रसाद घेऊन पांगल्यावर माझ्याजवळ आले. हळू म्हणाले,
"देवीन तुका माफ केल्यान. खांबान करूक नाय."

२३ मार्च
काल मी बोलायला हवं होतं. तिथेच, सगळ्यांसमोर. मायबाप हो, साडीचा दोष नाही, मी गाडीचा कणा काढलाय. बोलले नाही, कारण सुटल्यासारखं वाटलं होतं. माझ्या चुकीला दुसरी एक चूक मिळाली, तिची माफीही मिळाली, आणि सगळे हसत घरी गेले. लाज वाटते लिहिताना.

३० मार्च
बा.मे. घरी येऊन गाडी बघून गेले. पितळी पट्टी त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने उचलली. रेघ आता वीतभर. तोंडातून "च् च्" एवढंच. खाली आडवी पट्टी वेल्डिंग करून दिली, तात्पुरती. मी सरळ विचारलं, धोका किती?
"मालवणात फिरव. सपाटीर चलात. घाटात नको."
"आणि खांब परत लावला तर?"
"लावतंय मा. पंधरा दिवस दी. पण तुझा दार जातला. पयल्यासारखी दोन दारा."
म्हणजे पाठमोरी होणं, टेकणं, कोणीतरी पाय उचलणं. म्हटलं, विचार करून सांगते. केवढा शहाणा शब्द आहे हा, विचार.

११ एप्रिल
विचार चालू आहे. हॉटेलचं एक लग्न झालं, सपाटीवर, दोन माणसं बसवून. काही झालं नाही. फोटो सुंदर. आणखी तिघांचे फोन.
चलता है असं वाटायला लागलंय. हे वाटणंच वाईट.

१४ एप्रिल
आईला सांगितलं. ती आमसुलं वाळत घालत होती. सगळं सांगितलं, खांब, रेघ, घाट. तिने मान वर केली नाही.
"गाऱ्हाणा झाला मा?"
"आई, गाऱ्हाण्याचा याच्याशी..."
"मगे झाला. लग्नघरात अभद्र बोला नको. देवीक सांगून झाला, आता परत उकरून काढतलंस तर ती काय म्हणात? आमचो भरवसो नाय म्हणान?"
आता सांगा. मी इंजिनिअर नाही, बा.मे.ही नाहीत, आणि देवीचा निकाल लागून गेलाय. त्याच्यावर अपील करायला मी कोण?
बा.मे.ना फोन लावला. आई ऐकेल तुमचं, बोला तिच्याशी. ते म्हणाले, गाडी अशी कापणं कायद्यात बसत नाही, चार जणांत माझं नाव घेऊ नको. माझंही तेच तर आहे. दोघांनाही आपापलं नाव सांभाळायचंय.

२३ एप्रिल
चारूला सांगितलं. ठरवून गेले होते की चिडायचं नाही. आधी सोपा उपाय सांगितला, सावंतवाडीपर्यंत ही गाडी, तिथून घाट दुसऱ्या गाडीने, वर पोचल्यावर...
"वर पोचल्यार काय? तेंच्या दारात मी दुसऱ्या गाडयेतून उतारतलंय? पाय उचलून?"
मग खरं ते सांगितलं. बा.मे. काय म्हणाले तेही. ती ऐकत होती. नेलपॉलिशची बाटली हातात तशीच उघडी.
"ताई, पंधरा वर्सा माका गाडयेत कोण ना कोण बसयता. मी कोणाक एक शब्द बोलूक नाय. तुकाय नाय."
तुकाय नाय. तुलाही नाही, असं तिने मला पहिल्यांदा म्हटलं. पंधरा वर्षांत एकदाही तिने त्या स्कूटरचं नाव काढलं नव्हतं.
"एक दिवस माका सरळ उतरूचा आसा. तू आता आडवी येव नको."
उठून आले. घरामागे जाऊन रडले. इतका राग आला होता, तिचा नाही, त्या गाडीचा, माझ्या हाताचा. तिला नको ते स्वप्न मीच दाखवलं. आता कोणत्या तोंडाने काढून घेऊ?

२६ एप्रिल
खांब परत लावायला पंधरा दिवस लागतात. लग्नाला सात राहिले. म्हणजे विचार करून झाला म्हणायचा.
गाडीत बिघाड करून ठेवावा असं दोनदा मनात आलं. एक वायर कापायची. काय सोपं आहे. मग महेशच्या मामाची गाडी येईल, चारू पाठमोरी होईल, आणि आयुष्यभर माझ्याशी बोलणार नाही. जिवंत राहून बोलणार नाही, हे तरी कबूल कर की मनापासून. करते. आणि तरी वायर कापत नाही. असं का, ते मला कळत नाही.

२९ एप्रिल
कसाल. बा.मे.ना म्हटलं, ड्रायव्हर ठरलाय, त्याला काय सूचना द्यायच्या? ते हात पुसत बाहेर आले.
"ड्रायव्हर नको. मी चालवतलंय."
"तुम्ही कशाला?"
"कापलंय मी. दुसऱ्याच्या हातात देवचंय नाय." मग फडका खांद्यावर टाकत, "बायलेक सांगूक नाय हां मी. तुयाव सांगा नको."
त्यांनी खालून अजून एक पट्टी मारून दिली. गाडी जड झाली, बाकी काही नाही. वर फट दीड सूत गेली होती, ती एकवर आली. दोघेही खूश झालो, एवढ्याशाने.

१ मे
हळद झाली. चारू इतकी सुंदर दिसत होती की चिडायला झालं. पाठराखीण म्हणून मी जायचं ठरलंय. शेवंताकाकू म्हणाल्या, बरं झालं, मोठी बहीण बरोबर असली की मुलीला आधार. त्यांचा राग गेला आहे. ओटीत चारूला जांभळीच साडी दिली, देवळातून परत मागून आणलेली.
आईने रात्री माझ्या कपाळाला अंगारा लावला. गाडीला लावायला वेगळी पुडी दिली. म्हणजे तिलाही वाटतंय.

३ मे, रविवार. दाणोली
टपरीवर बसून लिहितेय. पेन मागून घेतलं.
लग्न साडेबाराला लागलं. छान झालं सगळं. जेवणं, सोलकढी, रडारड. अडीचला निघालो. चारू मालवणच्या हॉलच्या पायऱ्या उतरून, शालू धरून, समोरून गाडीत चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडीत पाच जण. पुढे बा.मे. आणि महेशचे काका, मागे चारू, महेश, मी. मी दाराकडच्या बाजूला बसणार होते. चारू ऐकेना, तिला दाराशीच बसायचं होतं.
कुडाळपर्यंत काही नाही. सावंतवाडीच्या अलीकडे छपरातून करकर सुरू झाली. काका म्हणाले, नवी गाडी आहे ना, सीटचं लेदर वाजतंय. गाडी चाळीस वर्षांची आहे आणि सीट लेदरचं नाही. मी हो म्हटलं. बा.मे. पुढे बघून चालवत होते, चाळीसच्या वर नाही. मागून वरातीच्या गाड्या हॉर्न देत पुढे निघून गेल्या.
इथे चहाला थांबलो. इथून पुढे घाट चालू. समोर दिसतोय, वर ढग आहेत, मे महिन्यात आंबोलीला असतात तसे.
दार उघडलं नाही. महेशने आतून ढकललं, मी उजवीकडून उतरून बाहेरून ओढलं. नाही. चारू म्हणाली, "रांवदे, माका हयसरच चाय आण." काचेतून चहा दिला. हसत होती. महेश तिच्याजवळच बसला, काका ड्रायव्हरच्या दारातून उतरून बिस्किटं आणायला गेले. गाडीतून तीनच माणसं कमी झाली, तेवढ्याने दार सुटत नाही.
चहा देताना छताकडे नजर गेली. पितळी पट्टीचं एक टोक सुटून वर उभं राहिलंय. सकाळी मीच अंगठ्याने दाबून बघितली होती, घट्ट होती.
बा.मे. गाडीभोवती एक फेरी मारून आले. खाली वाकून बघितलं, गुडघे झाडले. चहा तसाच राहिला त्यांचा. माझ्यासमोरच्या बाकावर बसले.
"आंबोलीपर्यंत वळणा कितकी, म्हायत आसा तुका?"
मी कप बाकावर ठेवला.
"हयसून फिरूचा तर आता फिरूया. उजवीकडच्या दारातून तिका काढूया, मागसून सामानाची जीप येता तेतूर बसवूया. मी सांगतंय सगळ्यांका, माझा काम, माझी चूक. माझा नाव घे." खिशातून चावी काढली. "पण तिका तू सांग. ता माझ्यान जावचा नाय."
इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं नाव घे म्हटलं.
काका घड्याळ दाखवतायत. आजऱ्याहून फोन आला, दारात रांगोळी काढून झाली, बँडवाले येऊन बसलेत. महेशने आतून हात केला. चारूने कप काचेबाहेर धरलाय, रिकामा, घेऊन जा म्हणून.
"ताई, येतंस मा? उशीर होता."
उठते. तिच्याशी बोलायचं ते काचेतूनच बोलावं लागेल, आणि महेश शेजारी ऐकणार. बा.मे. चावी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघतायत.